लायसन्स हवं, पण फिल्डला पाठवायचं नाही?

प्रश्न : माझी मुलगी अमरावतीत एम.एस्सी. जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.एस्सी.ला ७१ टक्के होते. फार्मसीला गेली असती तर आज हातात कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असता. जिऑलॉजिस्टला आपल्याकडे तसं काहीच नाही. माझ्या साडूंचा मुलगा कॅनडात, कॅलगरीत आहे, तो म्हणतो तिकडे लायसन्सशिवाय जिऑलॉजिस्टला किंमत नाही. इथले एक एजंट साडेतीन लाखांत ‘इंटरनॅशनल जिओसायंटिस्ट लायसन्स’ काढून देतो म्हणतात. त्यांना पन्नास हजार टोकन दिलं आहे. नाहीतर एम.एस्सी. थांबवून डी.फार्म.ला घालावं, असा विचार आहे. डिसेंबरात कॉलेजची राजस्थानची बारा दिवसांची टूर होती. मुलगी म्हणून पाठवली नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन मोकळे झालो. उरलेले पैसे भरू का?
— एक पालक, अमरावती

उत्तर : नमस्कार. पैसे भरू नका. असं कोणतंही आंतरराष्ट्रीय लायसन्स जगात नाही. दिलेले पन्नास हजार लेखी पत्र देऊन परत मागा, आणि पावती नसेल तर आधी ती मिळवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. पण मी तुमचं पत्र तीनदा वाचलं ते ‘मोकळे झालो’ या दोन शब्दांमुळे.

मोकळं कोण झालं? तुमची मुलगी त्या बारा दिवसांना मुकली. शिवाय आजारी नसताना आजारी असल्याचा कागद तिच्या नावावर विभागात जमा झाला. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला टूरला जायचं होतं का, डी.फार्म. करायचंय का, कॅनडाला जायचंय का, यातलं काहीच पत्रात नाही. साडूंच्या मुलाचं मत आहे, एजंटाचं आहे, तुमचं आहे. तिचं एक वाक्यही नाही.

मुलीला बारा दिवस परराज्यात पाठवताना बापाच्या पोटात कालवाकालव होणारच, ती मी समजू शकतो. पण त्या काळजीपोटी प्रश्न विचारायचे असतात. सोबत मॅडम कोण आहेत, मुक्काम कुठे, मुली किती, रोज फोन होईल का? विभागात जाऊन हे विचारलं असतं तर पंधरा मिनिटांत उत्तरं मिळाली असती. तुम्ही ते न विचारता खोटा दाखला आणलात. हे मला गंभीर वाटतं. का, ते पुढे सांगतो.

आधी ती टूर काय होती ते ऐका. अमरावती बसली आहे डेक्कन ट्रॅपवर, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या, जवळजवळ आडव्या थरांवर. वळ्या पडलेले, उभे झालेले, भट्टीतून काढल्यासारखे बदललेले खडक तुमच्या परिसरात सहसा दिसत नाहीत. ते बघायला उदयपूरकडे अरवलीत जातात. तिथे जावरच्या शिसं-जस्ताच्या खाणी आहेत. उन्हात खडकावर ब्रंटन (भूवैज्ञानिकाचं होकायंत्र) टेकवून स्ट्राइक-डिप, म्हणजे थराची दिशा आणि कल, घ्यायचा, डायरीत नोंदायचं, संध्याकाळी त्याचा नकाशा काढायचा, आणि चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी परत त्याच टेकडीवर चढायचं. जिऑलॉजीचं खरं प्रॅक्टिकल हे. एमबीबीएसच्या मुलीला वॉर्डात पाऊल टाकू द्यायचं नाही आणि तिने डॉक्टर व्हावं म्हणायचं, तसं तुम्ही केलंत.

आता तुम्हाला हव्या असलेल्या लायसन्सकडे येतो. कॅनडात ‘पी.जिओ.’ म्हणजे प्रोफेशनल जिओसायंटिस्ट ही नोंदणी प्रांतवार असते. अल्बर्टाची संस्था वेगळी, ओंटारिओची वेगळी, ब्रिटिश कोलंबियाची वेगळी. तिथे चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं आणि गुणपत्रिका विषयवार तपासल्या जातात. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हवंच. भूशास्त्रातले चार विषय सक्तीचे आहेत : खनिजं व खडक, गाळाचे खडक व स्तरशास्त्र, संरचनात्मक भूशास्त्र, आणि चौथा विषय फिल्डचं तंत्र. जो कागद मिळवायला तुम्ही साडेतीन लाख मोजायला निघालात, त्याच्या चार सक्तीच्या विषयांपैकी एक तुम्ही स्वतः सर्टिफिकेट देऊन बुडवलात.

तुमचा मुख्य गैरसमज असा की लायसन्स आधी काढायचं आणि त्याच्या बळावर नोकरी मिळवायची, वाहन परवान्यासारखं. क्रम नेमका उलटा आहे. पदवीनंतर आधी नोकरी लागते. लायसन्स असलेल्या वरिष्ठाच्या देखरेखीखाली लायसन्सशिवाय काम करता येतं, आणि बहुतेक जण तसंच सुरू करतात. साधारण ४८ महिन्यांच्या कामाचा हिशोब द्यावा लागतो : काय केलं, कुणाच्या हाताखाली केलं, निर्णय कोणता घेतला. ज्यांनी ते काम पाहिलंय त्यांची शिफारसपत्रं लागतात. मग व्यवसायाचा कायदा आणि नीतिमत्ता यांवर परीक्षा होते. अर्जदाराचं चारित्र्य चांगलं असणं ही वेगळी अट आहे. यातलं काय एजंट तुमच्या मुलीसाठी करून देणार? तिच्या जागी चार वर्षं तो ड्रिलिंग साइटवर उभा राहणार आहे का?

हे एवढं कडक का, याची गोष्ट साडूंच्या मुलाच्या गावाशीच जोडलेली आहे. ब्रे-एक्स ही कॅलगरीची कंपनी. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे आपल्याला सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं ती सांगत होती. कंपनीची बाजारातली किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेली. १९९७ साली स्वतंत्र तपासणी झाली तेव्हा कळलं की ड्रिलच्या नमुन्यांमध्ये बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि जमिनीत काढण्याजोगं सोनं नव्हतंच. पेन्शन फंडांचेसुद्धा पैसे बुडाले. ओंटारिओत तोवर भूवैज्ञानिकांच्या नोंदणीचा कायदा नव्हता, तो २००० साली झाला. २००१ पासून कॅनडाच्या शेअर बाजारात नोंदलेल्या खाण कंपन्यांना खनिजसाठ्याची तांत्रिक माहिती ‘क्वालिफाइड पर्सन’च्या, म्हणजे नोंदणी असलेल्या अनुभवी तज्ज्ञाच्या, जबाबदारीवरच जाहीर करता येते. नमुना खरा आहे, नोंद खरी आहे, आणि खोटी निघाली तर मी जबाबदार, असं सांगणारी सही म्हणजे हे लायसन्स. म्हणून तुमच्या घरातला तो दाखला मला खुपला. या व्यवसायाची पायाभूत गोष्टच खरी नोंद आहे, आणि तुमच्या मुलीच्या फाइलमध्ये तुम्ही खोटी नोंद घातलीत.

अमेरिकेत तिसेक राज्यांत भूवैज्ञानिकांना लायसन्स लागतं. तिथेही दोन परीक्षा आणि मध्ये काही वर्षांचा अनुभव असतो. ब्रिटनमध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी ‘चार्टर्ड जिऑलॉजिस्ट’ हा किताब देते, तो ऐच्छिक आहे. अनुभवाला फाटा कुठेच नाही.

‘आपल्याकडे काहीच नाही’ हे अर्धंच खरं. डॉक्टर-फार्मासिस्टसारखं भूवैज्ञानिकांचं कौन्सिल भारतात नाही, आणि ते असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. माळीण २०१४ साली गाडलं गेलं, इर्शाळवाडी २०२३ साली. डोंगरउतारावर घरं आणि रस्ते होताना जबाबदार भूवैज्ञानिकाची सही सक्तीची असती तर बरं झालं असतं. पण नंबर नाही म्हणून व्यवसायच नाही, असं होत नाही. लोहखनिज, मँगनीज, चुनखडी अशा खनिजांच्या खाणीचा मायनिंग प्लॅन, म्हणजे खाणकामाचा आराखडा, कुणी तयार करायचा हे २०१६च्या नियमांत लिहिलंय : खनन अभियांत्रिकीची पदवी किंवा भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर खाणकामात देखरेखीच्या पदावरचा पाच वर्षांचा अनुभव. जी एम.एस्सी. थांबवायला तुम्ही निघालात, तीच ही पदवी. हे प्लॅन पाहणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तुमच्यापासून तीन-चार तासांवर, नागपुरात आहे.

सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, ओएनजीसीसारख्या कंपन्यांची भरती कधी गेटच्या गुणांवर तर कधी त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होते, आणि राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा व खनिकर्म संचालनालय आहे. हे तिला तिच्या सरांकडून कळलेलं असेलच.

‘मुलगी म्हणून’ याबद्दल एक सांगतो. १९५२च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती. २०१९ साली केंद्र सरकारनं त्यातून सूट दिली. त्या सुटीमुळे तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रिया दिवसपाळीत, लेखी संमती देऊन, भूमिगत खाणीत उतरू लागल्या. संमती त्या बाईची स्वतःची, तिच्या वडिलांची नव्हे.

डी.फार्म.चा विषय तिने काढला तरच काढा. फार्मसी वाईट नाही. पण इतकी वर्षं एक विषय शिकायला काढलेल्या मुलीला केवळ नंबरासाठी दुसऱ्या विषयात ढकलणं मला मान्य नाही.

या आठवड्यात दोघांनी मिळून विभागप्रमुखांना भेटा. दाखल्याबद्दल खरं काय ते तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका, कारण ते तुमचं काम होतं. हुकलेलं फिल्ड पुढच्या बॅचबरोबर करता येईल का ते विचारा. तिला दरवर्षीच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाच्या शिक्क्याची प्रत काढून ठेवायला सांगा आणि फिल्ड डायऱ्या रद्दीत जाऊ देऊ नका. उद्या कॅनडा असो वा नागपूर, या दोन गोष्टी लागतील.

आणि महाशिवरात्रीला मोर्शीजवळच्या सालबर्डीला तुम्ही कधी गेला असाल. तिथे लाव्हाच्या खाली दबलेले त्याहून जुने गाळाचे खडक उघडे पडले आहेत, लॅमेटा आणि गोंडवाना या खडकगटांचे. एका रविवारी तिला घेऊन जा. हातोडी आणि ब्रंटन तिच्याकडे असू द्या, डबा आणि पाणी तुमच्याकडे. ती काय दाखवते ते बघा. राजस्थानचं ठरवायचं ते त्यानंतर, आणि तिच्याशी बोलून.