पिंजऱ्याआधी वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "काकू, नसबंदीसाठी मांजरं पकडायचा पिंजरा कुठे मिळेल?" मी "मग सांगते" म्हणून फोन ठेवला. म्हातारी टाळतेय असं तुला वाटलं असेल. पिंजरे माझ्या पडवीतच दोन पडलेत. पण पिंजरा आधी हातात आला की माणूस दिसेल ते मांजर धरत सुटतो. मी पहिलं वर्ष तसंच घालवलं. हर्णै बंदरावरची चार, पाजपंढरीतली तीन, आंजर्ल्याची दोन, दापोलीच्या स्टँडमागचा एक बोका. वर्षाअखेरीला सगळीकडे मांजरं होती तेवढीच, कुठे एखाददुसरं जास्तच.

तेव्हा आधी वही घे. एकच जागा धर, अगदी लहान: एक आळी, नाहीतर ओढून ठेवलेल्या दहा होड्यांची एक रांग. पंधरा दिवस पहाटे आणि तिन्हीसांजेला तिथे जाऊन नुसती मोजणी कर. रंग, शेपटी, कुठे खातं, कुठे निजतं, सगळं लिही. तीन रंगांचं मांजर दिसलं की डोळे मिटून मादी लिही, क्वचितच चुकशील. पिवळं बहुधा बोका निघतो. पोटाखाली नीट बघ. सड ओढलेले, भोवतालचे केस गेलेले दिसले तर तिची पिल्लं जवळच कुठेतरी आहेत.

हे मी न बघता एक मादी उचलली होती. मे महिनाच होता. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस तिला घरी कोंडून ठेवली, वर चांगलं खाऊपिऊ घातलं म्हणून खूश होते. पाचव्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या गड्याने आंब्याच्या पेट्या भरायचा पेंढा उपसला. खाली तीन पिल्लं होती. त्याबद्दल आणखी लिहीत नाही. पाजणारी मादी सापडली तर डॉक्टरांना तसं आधी सांग. पोटाखालून न जाता कुशीतून शस्त्रक्रिया करता येते आणि ती शुद्धीवर आली की लवकर परत सोडता येते. पिल्लं अगदी तान्ही असतील तर तिला तूर्त सोडून दे, वहीत तारीख टाक आणि पिल्लं खायला लागल्यावर जा. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, तेव्हा रोज लक्ष ठेवावं लागेल.

एकच जागा का, ते सांगते. मांजरी साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची लेक चार-पाच महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. दहा जागी एकेका मांजराची नसबंदी केलीस तर दहाही जागा पुन्हा भरतात. एका जागेतल्या सगळ्या माद्या केल्यास तर तिथे नवं पिल्लू दिसेनासं होतं आणि लोकांना फरक कळतो. तो कळला की पुढच्या आळीतली बाई स्वतः हाक मारते. म्हणून आधी माद्या, बोके नंतर. दहा बोके केलेस आणि एक उरला, तरी तो एकटा सगळ्या माद्यांना पुरतो.

आता वेळ. आपल्याकडे मासेमारीच्या मोसमात मांजर पकडणं म्हणजे शिक्षा. लिलावाच्या वेळी हर्णैच्या वाळूत एवढं पडलेलं असतं की तिथल्या मांजरीला तुझ्या मांदेलीचं काय कौतुक? १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर येतात, झाप टाकून झाकल्या जातात. दोन-तीन दिवसांत मांजरं होडीखालून आशेने बघायला लागतात. तिथून मृगाचा पाऊस धरेपर्यंत जो आठवडा मिळतो, तो आपला. एकदा पाऊस लागला की जखम कोरडी ठेवायला जागा मिळत नाही आणि पिंजऱ्यात बसलेलं मांजर भिजून गारठतं. आत्ता मे लागलाय. मोजणीला तुझ्याकडे जेमतेम महिना आहे.

याच महिन्यात आणखी एक काम उरक. सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची आगाऊ इंजेक्शनं घ्यायची आहेत असं सांग. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, अशी तीन असतात. तरीही मांजर चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद भरत बसू नकोस. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून भोक मिटतं आणि आत पू धरतो. पिंजऱ्यातला बोका घाबरलाय म्हणून मी त्याला गोंजारायला बोट आत घातलं होतं. आठवडाभर त्या हाताने पोळी लाटता आली नाही.

पिंजऱ्याची सवय आधी लावायची. दार वर बांधून ठेव आणि चार दिवस आतच खायला घाल. पाचव्या दिवशी दोरी सोड. तळाला वर्तमानपत्र अंथर, तार पायाला लागली की शहाणी मादी मागे फिरते. खाणं पायपट्टीच्या, म्हणजे जिच्यावर पाय पडला की दार पडतं तिच्या, पलीकडे, अगदी कोपऱ्यात ठेव, आणि थोडंच ठेव. बंदीच्या दिवसांत सुकटीचा वास पुरतो, एरवी तळलेल्या कोंबडीचा तुकडा. दार पडलं की लगेच जुनी चादर टाक, अंधार झाला की मांजर शांत होतं. लावलेला पिंजरा सोडून चहाला जायचं नाही. कुत्री येतात, पोरं काठ्या घालतात, ऊन फिरतं, आणि तांबड्या मुंग्या सुकटीवर तुझ्याआधी पोचतात. कोंबड्या झाकायचं डालगं वापरून बघावं असं तुझ्याही मनात येईल. मीही वापरलं. मांजर डालग्यासकट आगरातून पळालं, आणि ते बघायला निम्मी आळी जमली.

संध्याकाळी पकड, रात्रभर पिंजऱ्यातच ठेव, सकाळी शस्त्रक्रिया. म्हणजे मोठ्या मांजराचं पोट भूल देताना रिकामं असतं. पिल्लांना मात्र रात्रभर उपाशी ठेवू नकोस, त्यांची साखर उतरते. दोन महिन्यांचं आणि किलोभर वजनाचं पिल्लू जाणता डॉक्टर करू शकतो. जाणता म्हणजे ज्याचा मांजरांवर हात बसलाय तो. गाईम्हशींमध्ये कितीही नाव असलं तरी, "महिन्याला किती मांजरी करता?" हे विचारायला लाजू नकोस.

भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घे. लोक बोलतील. त्यांना सांग, हा कान लांबून दिसतो, म्हणून तिला पुन्हा पकडून पुन्हा पोट उघडलं जात नाही. घरी आणल्यावर ती पूर्ण उभी राहीपर्यंत खायला नको, अंगाखाली गोधडी, मान लोंबू द्यायची नाही. बोका दुसऱ्या दिवशी सोडला तरी चालतो. मादी दोन-चार दिवस ठेव आणि टाके रोज बघ. दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नकोस, एक गोळी मांजराचा जीव घेते. पिंजरा फिनेलने धुवायचा नाही, मांजरं पंजे चाटतात. ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, मग स्वच्छ पाणी, मग कडक ऊन.

पाप लागेल असं सांगणाऱ्या बायका भेटतील. "एकदा तरी विऊ दे गो तिला," हेही ऐकशील. वाद घालू नकोस, बस त्यांच्याजवळ. एकदा व्यायल्याने मांजरीच्या तब्येतीचं काही भलं होत नाही, उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. पण हे दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्या मांजराला खायला कोण घालतं, एवढंच विचार. ती बाई तुझ्या बाजूला आली की अर्धं काम झालं. माझ्या वहीतली निम्मी माहिती मासे विकणाऱ्या बायकांचीच आहे.

घर शोधून देण्याबद्दल मी जरा कडक आहे, राग मानू नकोस. मोठं, माणसाला न सोसणारं मांजर कुणाच्याही घरी द्यायचं नाही. ते जिथलं तिथे, त्याच होडीखाली परत. पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणं ही आपल्याकडची जुनी खोड. त्यात मांजर उपाशी मरतं किंवा परत येताना मरतं, आणि जनावराला असं उपासमारीत टाकून देणं १९६० च्या प्राणिक्लेश कायद्याने गुन्हा आहे. घरी द्यायची ती पिल्लं, आठ आठवड्यांनंतर, जमलं तर जोडीने.

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं पिल्लांना लळा लावतात, दूधभात घालतात, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी घराला कुलूप लागतं. त्या आळीत जूनमध्ये भुकेली मांजरं कुठून आली असं कुणी विचारायला नको. मुंबईला नेतो म्हणणाऱ्याला खिडकीला जाळी आहे का विचार आणि फोटो माग. गावात उंदरांसाठी मांजर मागणारे पुष्कळ, भाताच्या कणगीला आणि नारळाला उंदीर सोडत नाहीत. त्यांना एकच प्रश्न: उंदरांना औषध घालता का? घालत असतील तर नको. विषाने अर्धमेला उंदीर मांजराला सगळ्यात आधी सापडतो. विहिरीला कठडा आहे का तेही बघून घे. नवं पिल्लू निदान दोन आठवडे एका खोलीत कोंडून ठेवायला तयार नसतील, तर चहा पिऊन ये, पिल्लू देऊ नकोस.

रविवारी सकाळी ये. लहान पिंजऱ्याचं दार घट्ट झालंय, तेलाची बाटली मी काढून ठेवते. येताना शंभर पानी वही आण. माझ्या वहीत १४ नंबरला एक काळी, शेपटीला गाठ असलेली मादी आहे, बंदरावरच्या निळ्या होडीखालची. दोन वर्षं ती मला चकवतेय. मोजणीची सुरुवात तिथूनच कर.

तुझी,
काकू