आधी डबा, मग गप्पा

अगं, काल फोनवर म्हणालीस ना, त्या दहावीतल्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया आहे, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, आणि तीन सेशन समजावलं तरी जेवत नाही, म्हणून लिहितेय, फोनवर ओरडले असते तुला.

समजावणं बंद कर. आधी फिजिशियनकडे पाठव, पल्स, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट बघू देत, कारण बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं की रक्तातलं फॉस्फेट धाडकन खाली येतं आणि जिवावर बेतू शकतं, रीफीडिंग सिंड्रोम तो, आणि आपल्या आज्या प्रेमाने नेमकं तेच करायला जातात!

मग आईबाबांना बोलव, दोघांनाही, बाबांची हिंजवडीत मीटिंग असली तरी. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये 1980च्या दशकात जी पद्धत तयार झाली त्यात हेच आहे, की काय, किती, कधी खायचं ते काही महिने आईवडील ठरवणार, वजन सावरलं की हळूहळू तिच्या हातात परत देणार. कुणामुळे झालं याचा पंचनामा नाही करायचा. (मोठ्या बायकांना सीबीटी-ई, म्हणजे खाण्याच्या आजारांसाठीची बोलून करायची थेरपी, वगैरे, ते नंतर बोलू. खास या आजारावरची गोळी मात्र नाहीये, ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधाचा उपयोगही बेताचाच.)

मी स्वतः माती खाल्लीये यात. कोथरूडची एक मुलगी, दीड महिना मी तिच्याशी 'का' यावर बोलत बसले, आई सांगायची उपास आहे म्हणते, कधी संकष्टी, कधी गुरुवार, कधी शनिवार, मला वाटलं देवभोळी असेल. शेवटी डबा घेऊन सगळ्यांना क्लिनिकमध्ये बोलावलं तेव्हा दिसलं, पोळीचे नखाएवढे तुकडे, निम्मे वाटीखाली, तूप हळूच रुमालाला, आणि वाद नको म्हणून आई खिडकीबाहेर बघतेय.

आणि ती हट्टी आहे असं परत म्हणू नकोस. 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना प्रयोगासाठी अर्धपोटी ठेवलं होतं, तेही चिडके झाले, डोक्यात सतत जेवण, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे. हिचंही बरंचसं वागणं ही भूकच आहे, पोटात गेल्याशिवाय तुझं बोलणं डोक्यात शिरणार कसं?

सोमवारी डबा आणायला सांग. आणि वजन वाढलं की 'छान दिसतेस आता' म्हणू नकोस हां, तिला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं.