गाइड एक असला तरी माणसं तीन-चार हवीत

बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पीएचडीचं दुसरं वर्ष, गाइड चांगलेत पण भेटतच नाहीत, घरचे लग्नाचं विचारतायत, आणि तुला वाटतंय एकच कोणीतरी मोठं माणूस पाठीशी उभं राहिलं की सगळं सुटेल. तसं एक माणूस शोधत बसू नकोस गं. प्रयोग शिकवणारं वेगळं असतं, ड्राफ्टवर लाल पेन चालवणारं वेगळं, आणि तू मीटिंगमध्ये नसताना तुझं नाव पुढे करणारं अजून वेगळं, आणि मुलींना नेमकं हे तिसरंच मिळत नाही.

बायोकेमिस्ट कमला सोहोनींचं बघ ना. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाहीच म्हटलं, त्या अडून बसल्या तेव्हा वर्षभर प्रोबेशनवर घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण तिथे त्यांना श्रीनिवासय्यांसारखे कडक पण जीव तोडून शिकवणारे सर मिळाले हे कोणी सांगत नाही, पुढे केंब्रिजला आधी रिक्टर मग रॉबिन हिल, आणि हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन, सापडलं, १९३९ ला पीएचडी झाली. एवढ्या जिद्दीच्या बाईचंही एका गुरूवर भागलं नाही.

आणि मदत मागताना 'गाइड करा ना' असं मोघम नको. 'मॅडम, हा ग्राफ आणलाय, कंट्रोल बरोबर घेतलाय का, पंधरा मिनिटं द्याल?' असं विचार, लोक नाही म्हणत नाहीत सहसा. कॉन्फरन्सला पोस्टरऐवजी टॉक हवा असेल तर सरांना तोंडाने सांग, त्यांना आपोआप कळणार नाही. लॅबमधले वाढदिवस, पाहुण्यांचा चहा हे दर वेळी तुझ्याच गळ्यात पडत असेल तर आता सगळ्यांची आळीपाळी लाव.

लग्न कधी करायचं ते तुझं तू ठरव, फक्त नियम माहीत असू देत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह आहे, शिवाय मुदतीत दोन वर्षांची जास्तीची सूट. हे बऱ्याच गाइडनाही माहीत नसतं, म्हणून प्रिंट काढून फाइलला लावून ठेव.

सोमवारी शेजारच्या लॅबमधल्या त्या पोस्टडॉककडे, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्या ताईंकडे, ग्राफ घेऊन जा. त्या काय म्हणाल्या ते रात्री फोन करून सांग मला.

तुझी,
ताई