आडवळणाचं कॉलेज आणि एमबीएचा अर्ज

प्रश्न : मी सांगोल्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं कॉलेज तालुक्याबाहेर कुणाला माहीत नाही. आयआयएमवाले कॉलेजचं नाव बघूनच अर्ज बाजूला काढतात, असं सिनियर सांगतात. खरं आहे का?

नाही. सगळ्या आयआयएम आपापले निवडीचे निकष वेबसाइटवर टाकतात, ते सिनियरना एकदा वाचायला सांगा. अहमदाबादचंच बघा. कॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांसोबत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण धरले जातात, कामाचा अनुभव धरला जातो. शाखेप्रमाणे गुणांचे तक्तेही वेगळे असतात. कॉलेजच्या नावाला त्या हिशेबात गुण नाहीत.

तुमच्यासारख्यांना खरी आडवी येते ती दहावी. तिथे साठ टक्के असतील तर ते आता बदलत नाहीत आणि काही आयआयएममध्ये ते जड जातात. अशांनी कॅटबरोबर राज्याची एमबीए सीईटी मनापासून द्यावी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. नंतरची कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाची फेरी, सीईटीच्या गुणवत्ता यादीवर चालते, मुलाखत नसते. मुंबईचं जमनालाल बजाज, सिमस्री, पुण्याचं पुम्बा या संस्थांचे प्रवेश याच वाटेने होतात. फक्त जमनालालला खुल्या गटातून ९९ पर्सेंटाइलच्याही बरंच वर लागतं, हे धरून चाला.

प्रश्न : मी पंढरपूरजवळच्या कॉलेजात शिकलो. वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलाखतीत कॉलेजबद्दल आणि घरच्यांबद्दल विचारलं तर काय सांगू? इंग्रजीचीही भीती वाटते.

कॉलेज कुठलं, हा प्रश्न बहुधा बसायला पाट दिल्यासारखा असतो. परीक्षा त्याच्या पुढच्या प्रश्नाची.

सरावाच्या मुलाखतीला तुमच्यासारखाच एक मुलगा आला होता. वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान. त्याने घोकून आणलेलं वाक्य टाकलं : 'फॅमिली बिझनेस इन अ‍ॅग्री इनपुट्स.' मी विचारलं, उधारी किती दिवसांची? तो गप्प झाला. मग म्हणाला, दिवस असे नसतात, सर. जूनमध्ये बियाणं-खत उधार जातं, पैसे येतात सोयाबीन विकल्यावर किंवा उसाचं बिल निघाल्यावर. कंपनीचा माणूस मात्र महिन्यात दारात. मधला काळ कसा काढता? मार्चमध्येच थोडी रोकड बाजूला ठेवतो, म्हणाला. आणि ज्याची मागची वही कोरी झाली नाही त्याला नवीन उधार नाही. एक पाहुणा सोडून, कारण आईचा भाऊ.

दहा मिनिटांपूर्वी याच मुलाने वर्किंग कॅपिटलची, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाची व्याख्या पुस्तकातली जशीच्या तशी म्हटली होती. शाळेत असल्यापासून दुकानाची वही तोच लिहायचा, पण हे तेच, हे त्याच्या गावीही नव्हतं. तुमची तयारी इथून सुरू करा. दुकानात कुठला माल पडून राहतो, कुठल्या कंपनीचं मार्जिन बरं, जीएसटीने काय बदललं, हे वडिलांना विचारून लिहून काढा. शिवाय बी.कॉम. आहात, तेव्हा घसारा आणि ताळेबंद पक्के हवेत. पदवीच्या विषयात अडखळलात तर दोष तुमचा धरतात, कॉलेजचा नाही. आणि 'आमच्याकडे प्राध्यापकच नव्हते' हे रडगाणं तिथे नको. खरं असलं तरी नको.

इंग्रजीचं म्हणाल तर लहान वाक्यं बोला. 'ही सेल ऑन क्रेडिट' असं काही निसटलं तरी चालेल. उधारीचं गणित चुकलं तर चालणार नाही.

प्रश्न : नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे. कॅटला पदवीत ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५. मात्र नोकरी सांभाळून पदवी घेतली असेल तर ती नोकरी अर्जात नीट मांडा. बरेच जण ती लपवतात, का ते कळत नाही.

प्रश्न : मुलगी सोलापूरला टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं नोकरी करते. परदेशात एमबीए करायचं म्हणते. शिफारसपत्र प्राचार्यांचं घेतलं आहे. कॉलेज लहान असल्याने अडचण येईल का?

पदवी कॉलेजची नसते, विद्यापीठाची असते. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, तीही तिथूनच काढायची. त्याला वेळ लागतो, अर्ज आधीच टाका. तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकेतल्या अनेक नामवंत एमबीए संस्थांना चालते, पण ज्या त्या संस्थेचा नियम बघूनच फी भरा. परदेशी एमबीएसाठीची जीमॅट परीक्षा आता २०५ ते ८०५ या मापात होते आणि गुण पाच वर्षं धरले जातात. अनोळखी कॉलेजच्या उमेदवाराला हा आकडा मोठा आधार आहे.

शिफारसपत्र मात्र बदला. 'विद्यार्थिनी अभ्यासू, होतकरू व सद्वर्तनी आहे' हे दाखल्यावर शोभतं. एमबीएला साहेबांचं पत्र हवं, ज्यांनी तिचं काम पाहिलंय. परत आलेला माल, रागावलेला ग्राहक, तिने काय केलं, हे त्यांनी लिहावं. साहेब 'तूच लिहून आण, सही करतो' म्हणतील. नको म्हणा. त्यांना तीन प्रसंगांची आठवण करून द्या, शब्द त्यांचेच येऊ द्या.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी एटीकेटी लागली होती, आता विषय सुटला आहे. आणि आमच्या विद्यापीठाचे निकाल नेहमी उशिरा लागतात.

सुटलेली एटीकेटी कॅटच्या फॉर्मला आडवी येत नाही. मुलाखतीत विचारलं तर एका वाक्यात कारण सांगा आणि थांबा. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी फॉर्म भरू शकतात, पण प्रवेशाच्या वेळी निकाल यायचा असेल तर सगळ्या परीक्षा दिल्याचं प्राचार्यांचं किंवा कुलसचिवांचं प्रमाणपत्र लागतं. ते मे महिन्यातच मागून ठेवा. जूनमध्ये ऑफिसचा क्लार्क प्रवेशाच्या कामात असतो. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर त्याची टक्केवारी विद्यापीठाच्याच सूत्राने काढा, मोबाइलवरच्या दहाने गुणण्याच्या हिशेबाने नको.