'सोडा पॅकेज'मधला सोडा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी-जावई ओहायोला असतात, सगळे मिळून मायामीहून क्रूझला जायचं ठरलंय, बुकिंगच्या कागदात 'सोडा पॅकेज' अशी एक ओळ आहे आणि घरातले आजोबा अडून बसलेत की मी व्हिस्की घेत नाही, मग मला सोड्याचं पॅकेज कशाला? त्यात नातू त्याच वस्तूला 'पॉप' म्हणतो आणि जावयाचा टेक्ससचा मित्र सरसकट 'कोक' म्हणतो. तर ह्यातलं बरोबर कुठलं, आणि मराठीत ह्याला नेमकं म्हणायचं काय?

आजोबांचं बरोबर आहे, पण ते मराठीपुरतं. अमेरिकन कंपनीच्या कागदावर सोडा म्हणजे कोक, स्प्राइट, फँटा, रूट बिअर, जिंजर एल असलं सगळं गोड आणि फसफसणारं, ज्याला आपण कोल्ड्रिंक म्हणतो ते. व्हिस्कीत घालायचा तो बिनचवीचा हवा असेल तर तिथे 'क्लब सोडा' मागायचा, न्यूयॉर्ककडचा माणूस असेल तर तो त्यालाच 'सेल्टझर' म्हणेल. आणि रूट बिअरमध्ये बिअर नसते, हे आजोबांना आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे सोडा हा शब्द गोडाकडे कधी गेलाच नाही. खायचा सोडा भज्यात, धुण्याचा सोडा कपड्यांना, कोकणात सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी (तो शब्द वेगळाच, पण गोंधळात भर), आणि प्यायचा तो सोडा म्हणजे सोडावॉटर. जाड भिंगाच्या चष्म्याला सोडावॉटर चष्मा म्हणायचे ते ह्याच बाटलीच्या बुडावरून, आणि मुंबईत राडा झाला की सोडावॉटरच्या बाटल्या उडायच्या त्या पण ह्याच. गोड पाहिजे असेल तर गाडीवाल्याला वेगळं सांगावं लागतं. एक सोडा, एक लेमन, एक जिंजर अशी ऑर्डर दिली तर तो तीन वेगळ्या बाटल्या काढतो, आणि नुसता सोडा म्हणालात तर अंगठ्याने गोटी आत दाबून, तो कर्कश्श आवाज काढून, समोर ठेवतो ते साधं गॅसचं पाणी, फार तर विचारेल मीठ-लिंबू मारू का. मसाला सोडा, जीरा सोडा, लिंबू सोडा ह्या सगळ्यात सोडा हा पाया आहे आणि चव त्याच्या आधी बोलली जाते. लिंबू सोड्याला तर गोड का खारा हे विचारावंच लागतं, म्हणजे मुळात सोडा गोड धरलेलाच नाही.

आता हे असं फाटलं कुठे ते बघू, कारण मूळ दोघांचं एकच आहे. १७६७ च्या सुमारास इंग्लंडात लीड्सला जोसेफ प्रीस्टली एका दारूभट्टीच्या शेजारी राहत होता, आंबवणाच्या पिंपावर जो वायू साठतो तो त्याने पाण्यात मिसळून बघितला, १७७२ ला त्यावर पुस्तिका काढली. पुढे जिनिव्हात श्वेप नावाच्या माणसाने ह्याचा धंदा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला, आजच्या टॉनिकच्या बाटलीवर नाव दिसतं तोच श्वेप. त्या काळी हे औषध म्हणून विकायचे, नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्यासारखं व्हावं म्हणून त्यात सोड्याचे क्षार घालायचे, म्हणून ते सोडावॉटर. क्षार नंतर गेले तरी नाव राहिलं.

इंग्रजांबरोबर हे पाणी आपल्याकडे आलं ते बाटलीतून. मुंबईत पालनजी १८६५ चे, पुण्यात कॅम्पातले अर्देशिर १८८४ चे, मुंबईचे ड्यूक्स १८८९ चे, बहुतेक पारशी मंडळी, आणि गोटीची बाटली म्हणजे हायरम कॉड नावाच्या इंग्रजाचं १८७० च्या दशकातलं पेटंट. बाटलीत जे भरलं तेच तिचं नाव, रास्पबेरी ती रास्पबेरी, जिंजर ते जिंजर, आणि काही नाही भरलं तर सोडा.

अमेरिकेत मात्र हा प्रकार औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर वाढला. सोडा फाउंटन म्हणजे संगमरवरी काउंटर, त्यावर नळ, नळातून गॅसचं पाणी आणि बाजूला सिरपच्या बाटल्या, ग्राहक समोर बसणार आणि दुकानदार पेल्यात सिरप ओतून वरून नळ सोडणार. कोका-कोला १८८६ मध्ये अटलांटात अशाच एका औषधाच्या दुकानात पाच सेंटला पेला अशी विकायला लागली, डॉ. पेपर त्याच्या आदल्या वर्षी टेक्ससमध्ये वेकोला, पेप्सी नॉर्थ कॅरोलिनात न्यू बर्नला कॅलेब ब्रॅडमच्या दुकानात, तिघांचं मूळ औषधाच्या दुकानातच. आता ह्या काउंटरवर सगळ्यांच्या पेल्यात समान काय? नळाचा सोडा. म्हणून 'सोडा प्यायला जाऊ' म्हणजे त्या काउंटरवर बसून काहीतरी गोड पिऊ. हळूहळू चवीसकट सगळ्याचंच नाव सोडा. आपण पायाला सोडा म्हणत राहिलो, त्यांनी अख्ख्या इमारतीला म्हटलं, एवढाच फरक.

पॉपचं पण जुनंच आहे. रॉबर्ट साऊदी ह्या इंग्रज कवीच्या १८१२ च्या पत्रात हा शब्द येतो, बूच उडताना जो आवाज येतो त्यावरून. म्हणजे नातू काही चुकीचं बोलत नाहीये, ओहायो हा पॉपचा बालेकिल्ला आहे. मिशिगन, मिनेसोटा, शिकागो, पिट्सबर्ग, पार वायव्येला सिॲटलपर्यंत पॉप, आणि सीमा ओलांडून कॅनडात तर पॉपच. डेट्रॉइटची फेगो नावाची जुनी कंपनी आहे १९०७ ची, तिचं लाल रंगाचं पेय 'रेड पॉप' म्हणूनच विकलं जातं. सोडा हा शब्द ईशान्येकडचा, न्यूयॉर्क-बोस्टन पट्टा, आणि पलीकडच्या टोकाला कॅलिफोर्निया. गंमत म्हणजे मधोमध पॉपच्या समुद्रात सेंट लुईस आणि मिलवॉकी ही दोन सोड्याची बेटं आहेत, नकाशावर रंगवलं की एकदम उठून दिसतात.

दक्षिणेकडे कोक. हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरंच असं बोलतात, एक जण म्हणतो मला कोक दे, दुसरा विचारतो कुठला, पहिला म्हणतो स्प्राइट. अटलांटाच्या कंपनीने आपल्या अंगणातली भाषाच खाऊन टाकली असं म्हणा. त्याही आधी त्याच भागात, कॅरोलिना-टेनेसीकडे, कोकला 'डोप' म्हणायचे, कापडगिरण्यांत कामगारांसाठी जी खाण्यापिण्याची ढकलगाडी फिरायची तिला डोप वॅगन, का म्हणायचे ते कोका ह्या नावातच कळतं, डोप म्हणजे अमली पदार्थ आणि कोकेन निघतं ते कोकाच्या पानांतून. बोस्टनकडचे म्हातारे अजून 'टॉनिक' म्हणतात, त्यांच्यात हा शब्द आता मरत चाललाय. बर्ट व्हॉ ह्या भाषाशास्त्रज्ञाने वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकाभर बोलीची मोठी पाहणी केली होती त्यात निम्म्याहून थोडे जास्त लोक सोडावाले निघाले, पाव पॉपवाले आणि साधारण आठवा हिस्सा कोकवाला. सोडा पुढे आहे, पण बाकीचे काही कमी नाहीत.

ही अमेरिकेपुरतीच कथा. ग्लासगोत कुठल्याही कोल्ड्रिंकला 'जिंजर' म्हणतात, आलं असो नसो. आयर्लंडमध्ये 'मिनरल्स', दक्षिण आफ्रिकेत 'कूल ड्रिंक', अर्जेंटिनात 'गासेओसा', मेक्सिकोत 'रेफ्रेस्को'. आपल्याकडे पण तमिळनाडू-केरळात कूल ड्रिंक चालतं, आणि तमिळनाडूत जुन्या माणसांना 'कलर' म्हटलं की पुरे, रंगीत ते कलर आणि पांढरा तो सोडा, फार सरळ हिशोब. दिल्लीत गोटीच्या बाटलीला बंटा.

आता जहाजाकडे. क्रूझ कंपनीची अडचण अशी की एका बारवर हे सगळे लोक एकदम येतात, ओहायोचा पॉपवाला, टेक्ससचा कोकवाला, न्यूयॉर्कचा सोडावाला, आणि छापायचा शब्द एकच. रॉयल कॅरिबियनने सरळ 'क्लासिक सोडा पॅकेज' ठेवलंय. कार्निव्हलने 'बॉटमलेस बबल्स' असं ठेवलंय, म्हणजे न संपणारे बुडबुडे, शब्दचर्चेच्या दृष्टीने मला हे सगळ्यात हुशार वाटतं, सोडाही नाही पॉपही नाही, भांडणच मिटलं. आणि कार्निव्हलला ते गरजेचंच आहे कारण त्यांची जहाजं गॅल्व्हस्टन आणि न्यू ऑर्लिन्सहून पण सुटतात, तिथे सोडा म्हणणारा परका. ब्रिटिश कंपनी असली की कागदावर 'सॉफ्ट ड्रिंक्स पॅकेज' दिसेल. म्हणजे पॅकेजच्या नावावरून कंपनी कुठली ते साधारण ओळखता येतं.

पुढची गंमत ब्रँडची. कार्निव्हलने २०२० मध्ये कोक सोडून पेप्सी घेतली. आता टेक्ससचा मित्र सवयीने कोक मागणार, त्याच्या मनात कदाचित स्प्राइट असेल, आणि बारवाला ठरलेला प्रश्न विचारणार, पेप्सी चालेल का? रॉयल कॅरिबियनकडे कोक आहे, तिथे पॅकेजवाल्याला चिप बसवलेला एक कप मिळतो, तो फ्रीस्टाइल नावाच्या मशीनखाली धरला की मशीन कप ओळखतं आणि पडद्यावर शंभरावर चवी दिसतात, चेरी, व्हॅनिला, काय वाटेल ते. कप लगेच परत धरला तर देत नाही, थोडा वेळ थांबवतं. जुन्या सोडा फाउंटनचाच हा अवतार, पाणी एकीकडून सिरप दुसरीकडून, फक्त मधला माणूस गेला.

घ्यावं की नाही हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही तरी सांगतो. पॅकेजचा भाव माणशी आणि दिवसाला असतो, घेतलं तर अख्ख्या ट्रिपचं घ्यावं लागतं, वर सर्व्हिस चार्ज, आणि एकाच्या पॅकेजवर दुसऱ्याने प्यायचं नाही. डिस्नेच्या जहाजांवर जेवणासोबत आणि डेकवरच्या मशीनवर हे फुकटच असतं, तिथे हा प्रश्नच नाही. बाकी अमेरिकन जहाजांवर बुफेत साधं पाणी, चहा, कॉफी, आइस टी आणि लेमोनेड फुकट मिळतं. हे लेमोनेड ऐकून आजोबा खूश होतील आणि फसतील, कारण अमेरिकन लेमोनेडमध्ये गॅस नसतो, ते आपलं लिंबू सरबत. गॅसवालं गोड लेमोनेड हे इंग्रजांचं, आणि आपल्या गाडीवरचं लेमन त्या घराण्यातलं. कार्निव्हलचा नियम असा आहे की चढायच्या दिवशी माणशी बारा बंद कॅन हातातल्या बॅगेतून नेता येतात, ज्याला दिवसाला एकच लागतं त्याने तेवढ्यात भागवावं. नियम बदलत राहतात, निघायच्या आधी कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या.

जाता जाता, मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारं कॉर्डेलिया ह्या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज आहे ना, ते १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनचं होतं. त्याच बारवर आधी सोडा मागितला की कोकबिक येत असणार, आता मुंबईकर सोडा मागतो तो पेगमध्ये घालायला.

राहिला मराठी शब्द. शीतपेय आहे, पेपरात आणि सरकारी कागदात चालतं, पण बोलताना कोणी 'दोन शीतपेयं दे' म्हणत नाही. शिवाय शीतपेय थंडपणा सांगतं आणि इंग्रजीतलं 'सॉफ्ट' सांगतं की दारू नाही, गॅसबद्दल दोघं गप्प. बोलीतला खरा शब्द कोल्ड्रिंक, एकत्रच, कोल्ड आणि ड्रिंक सुटं करून कोणी म्हणत नाही आणि करूही नये, कारण मराठीत 'तो ड्रिंक्स घेतो' ह्याचा अर्थ फार वेगळा होतो. पण कोल्ड्रिंक पण काटेकोर नाही. पुण्यात पाटीवर 'कोल्ड्रिंक हाऊस' आणि आत मस्तानी, लस्सी, पियूष. म्हणजे गॅस पाहिजेच असं नाही, गार असलं की झालं. फक्त गॅसवाल्यासाठी मराठीत एकच एक शब्द रुळलेला नाही, आपण ब्रँडने बोलतो, काळं असेल तर थम्सअप. आणि पेप्सी म्हणाल तर सावध, शाळेच्या बाहेर पेप्सी किंवा पेप्सीकोला म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, दाताने टोक तोडून चोखायचा, त्याचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. टेक्ससवाल्याला हसण्यात अर्थ नाही, स्प्राइटला कोक म्हणणं आणि बर्फाला पेप्सी म्हणणं एकाच जातीचं.

तर लिहायचं असेल तर शीतपेय, बोलायचं तर कोल्ड्रिंक, आणि जहाजावर आजोबांनी कोल्ड्रिंक म्हणायला हरकत नाही, क्रूझवर भारतीय स्टाफ भरपूर असतो, बारवर एखादा गोव्याचा पोरगा भेटला तर त्याला लगेच कळेल. नाहीतर हवं त्याचं सरळ नाव घ्यायचं, स्प्राइट तर स्प्राइट. साधा सोडा हवा असेल तर मात्र 'क्लब सोडा' हे दोन्ही शब्द म्हणायचे, नुसतं सोडा म्हटलं की 'कुठला?' असा उलटा प्रश्न येईल.