'रावळ प्लग'मधला रावळ कोण?

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांचे वायरिंग नव्याने करायला घेतले, तेव्हा वायरमनने चार डझन रावळ प्लग आणून ठेवायला सांगितले. वडील याच वस्तूला गिट्टी म्हणत असत, आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानदाराने ती 'फिशर' म्हणून हातात ठेवली. हा रावळ कोण, आणि एवढ्याशा वस्तूला तीन नावे कशी पडली?
– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : तिन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या या वस्तूचा इतिहास सांगता येतो.

गिट्टी सर्वांत जुनी. भिंतीत स्क्रू नुसता पिळला तर तो धरत नाही, कारण वीट आणि चुना लाकडासारखे दबत नाहीत, भुगा होऊन गळतात. म्हणून छिन्नीने भिंतीत चौकोनी खाच पाडायची, तिच्यात लाकडाचा तुकडा चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवायचा, तो घट्ट झाला की त्यात स्क्रू पिळायचा, अशी पद्धत होती. जुन्या वाड्यांतल्या लाकडी केसिंग-कॅपिंगच्या, म्हणजे विजेच्या तारा झाकणाऱ्या, पट्ट्या अशाच गिट्ट्यांवर उभ्या आहेत. तुमच्या भिंतीचा गिलावा खरवडला तर त्यांतल्या काही अजूनही सापडतील. काम पक्के होत असे, परंतु एका बटणासाठी तळहाताएवढा गिलावा उखडावा लागे आणि तो पुन्हा भरून सुकेपर्यंत थांबावे लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हीच अडचण जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदारापुढे उभी राहिली. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची जोडणी करायची होती आणि भिंतींना शक्य तितकी कमी इजा व्हावी अशी अपेक्षा होती. रॉलिंग्ज यांनी १९१० च्या सुमारास तागाचे धागे प्राण्यांच्या रक्तापासून केलेल्या चिकट द्रवाने एकत्र बांधून त्यांची छोटी, कडक नळी बनवली. गोल भोक पाडावे, नळी आत सरकवावी आणि तिच्यात स्क्रू पिळावा, एवढेच काम उरले. स्क्रू आत जाताना धागे बाहेरच्या बाजूला दाबले जातात, भोकाच्या भिंतीवर घट्ट बसतात, आणि त्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो. त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालमधून जात असे, तेव्हा लंडनच्या भिंतींमधल्या या नळ्यांचा कच्चा माल मुळात इकडचाच असण्याची शक्यता फार मोठी आहे.

रॉलिंग्ज यांच्या नावातले 'रॉल' आणि त्यापुढे 'प्लग', असे त्या वस्तूचे नाव पडले. आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी त्याचे 'रावळ' झाले. कोणा रावळांचा त्याच्याशी काही संबंध नाही. १९१९ मध्ये रॉलिंग्ज यांच्या व्यवसायाने रॉलप्लग कंपनी असेच नाव घेतले, आणि कंत्राटी कामांपेक्षा ही नळी मोठी झाली.

ती एवढी कशामुळे खपली, हा प्रश्न मला शोधाच्या हकिगतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पहिले कारण काळाचे आहे : घरोघरी वीज येत होती, आणि प्रत्येक दिवा, बटण व पट्टी यांना भिंतीत भोके लागत होती. दुसरे कारण असे की ही वस्तू एकदा बसवली की तिथेच राहते, त्यामुळे प्रत्येक नव्या भोकाला नवी नळी विकत घ्यावीच लागते. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक कारण म्हणजे कंपनीने नुसती नळी विकली नाही. नळीच्या आणि स्क्रूच्या मापांचा मेळ घालून दिला, आणि हातोडीने ठोकत व फिरवत गोल भोक पाडण्याचे हत्यारही सोबत विकले. विजेचे ड्रिल कोणाच्याच पिशवीत नसताना त्या हत्यारामुळे साध्या कारागिरालाही काम जमू लागले.

आता तिसरे नाव. रॉलप्लग कंपनीने नाव घेतले त्याच वर्षी, म्हणजे १९१९ च्या अखेरीस, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या टुमलिंगेन या खेड्यात एका शिंप्याच्या घरी आर्टुर फिशर यांचा जन्म झाला. त्यांनी कुलुपे आणि लोखंडी कामाच्या कारागिराचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये स्वतःचे छोटे कारखानेवजा दुकान काढले. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅमेऱ्याच्या झडपेबरोबर पेटणारा फ्लॅश तयार केला आणि आग्फा कंपनीने तो घेतला. १९५८ मध्ये त्यांनी भिंतीतला प्लग नायलॉनचा केला. तागाला ओल लागली की कुजण्याचे भय असते, ते नायलॉनला नाही. शिवाय साच्यातून काढलेल्या नायलॉनला हवा तो आकार देता येतो. फिशर यांनी प्लगला मधोमध चीर ठेवली, म्हणजे स्क्रू जाताच दोन्ही बाजू फाकतात, आणि अंगावर जिभा काढल्या, म्हणजे स्क्रूबरोबर प्लग गरगर फिरत नाही. तुमच्या पुडीतला करडा प्लग निरखून पाहिलात तर हे सगळे दिसेल. त्यावर फिशरचा शिक्का असो वा नसो, घडण त्यांचीच आहे.

फिशर यांच्या नावावर हजाराहून अधिक पेटंट होती. त्यांचे निधन २०१६ मध्ये झाले, आणि कंपनी आजही कुटुंबाकडेच आहे. रॉलप्लगचे मात्र तसे राहिले नाही. २००५ मध्ये ती पोलंडमधल्या एका उद्योगाने विकत घेतली आणि पुढे त्या मालकानेच आपले नाव बदलून रॉलप्लग असे ठेवले. मूळ कंपनीपेक्षा तिच्या नावाची किंमत किती होती, हे यावरून कळते.

तुमच्या कामापुरते एवढेच सांगतो की वाड्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा जाड असतो आणि तो प्लग धरत नाही. भोक गिलाव्याच्या पलीकडे विटेत जाईल एवढे खोल पाडायला सांगा, आणि प्लग घालण्यापूर्वी आतला भुगा फुंकून काढायला लावा.

प्रश्न : आमच्या नव्या सदनिकेत सिपोरेक्सच्या भिंती आहेत. तिथे रावळ प्लग बसतो, पण आठवड्याभरात सैल होतो. दोष कोणाचा?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : प्लगचाही नाही आणि भिंतीचाही नाही, त्यांची जोडी चुकली आहे. सिपोरेक्स हेही मुळात एका मालाचे नाव. हवेच्या बुडबुड्यांचे हे हलके काँक्रीट १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने विकसित केले. मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की वायू सुटून ते फुगते, आणि मग त्याला दाबाखालच्या वाफेत पक्के करतात. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने सिपोरेक्सचे उत्पादन केले, आणि आज कोणत्याही कंपनीच्या हलक्या ठोकळ्याला इकडे सिपोरेक्सच म्हणतात.

साधा प्लग बाजूच्या कठीण विटेवर दाब देऊन तग धरतो. इथे बाजूला बुडबुडेच असल्याने ते दबतात आणि पकड सुटते. हलक्या ठोकळ्यांसाठी लांब आणि अंगावर मळसूत्रासारखे जाड पाते असलेले वेगळे प्लग मिळतात, ते घ्या. गीझरसारखे वजन असेल तर रासायनिक अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारे रसायन भरून बसवलेली सळई, लावून घ्यावा. आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, कारण नुसत्या फिरत्या पात्यानेही या ठोकळ्यात भोक सहज पडते, आणि हॅमर चालू असेल तर ते हवे त्यापेक्षा मोठे होऊन बसते.