सिलिकॉनशिवाय संगणक बनवता येईल का?

निपाणीच्या विद्यार्थ्याने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, किंबहुना सुरुवातच तशी झाली. 1947 मधला पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे संगणकात विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा छोटा घटक, जर्मेनियम या सिलिकॉनसारख्याच अर्धवाहकाचा होता. परंतु जर्मेनियम तापल्यावर त्यातून नको असलेला प्रवाह गळू लागतो आणि त्याचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो, तर सिलिकॉनवर मात्र उष्णतेने टिकाऊ, विद्युतरोधक ऑक्साइडचा थर सहज चढतो. माझ्या मते सिलिकॉनच्या वर्चस्वाचे खरे कारण हा थरच आहे.

गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या गॅलियम आर्सेनाइड या संयुगामध्ये इलेक्ट्रॉन अधिक वेगाने धावतात, म्हणून क्रे-3 हा महासंगणक त्यावर बेतला होता, पण ते महाग आणि ठिसूळ असते. आपल्या बेळगावात बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) काढतात, हे आपणांस ठाऊक असेलच. जगातील बहुतेक गॅलियम अशाच प्रक्रियेत उपउत्पादन म्हणून मिळते, आणि ही गोष्ट आपल्या शाळांत आवर्जून सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आशादायक मला कार्बन नॅनोनलिका, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, वाटतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 2013 साली 178 ट्रान्झिस्टरांचा संगणक त्यांपासून बनला, तर तिथल्याच एमआयटी या संस्थेने 2019 मध्ये 14,000 हून अधिक ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर चालवून दाखवला. धातूसारख्या वागणाऱ्या, म्हणजे प्रवाह बंद करू न देणाऱ्या नलिका वेगळ्या काढणे, ही त्यातली मुख्य अडचण आहे.